साहेबांच्या विनोदाला हसणारा माणूस

जुकबॉक्स मी शेवटचा पाहिला होता तो पुण्यात, कॅम्पातल्या एका इराण्याकडे. चार आण्याचं नाणं टाकायचं, बटण दाबायचं, काचेच्या आत तबकडी सरकायची आणि पुष्कळदा पुढे काहीच व्हायचं नाही. मग गल्ल्यावरचा इराणी बसल्या जागेवरून ओरडायचा, "बाजूसे मारो ना!" नेमकी कुठे थाप मारायची हे आमच्यातल्या दोघातिघांनाच ठाऊक होतं. त्यांना कॉलेजात मान होता.

त्यानंतर जुकबॉक्स भेटला तो थेट २०१७ च्या फेब्रुवारीत, लंडनच्या कोलिझियम नाट्यगृहात. सगळ्यात वरच्या मजल्यावर आमच्या खुर्च्या होत्या. तिथून रंगमंच आडावरून पाणी पाहावं तसा दिसतो. खाली एक बार मांडलेला. झकपक सूट घातलेला एक माणूस जुकबॉक्सपाशी जातो, नाणं टाकतो. ऑर्केस्ट्रा ठेका धरतो, क्षणभर वाजतो आणि मधेच गप्प होतो. माणूस यंत्राला एक तडाखा देतो. गाणं सुरू! सगळं थिएटर हसलं. मी जरा उशिरा हसलो, कारण मी अजून इराण्याकडेच होतो.

गाणं होतं 'रिगोलेत्तो' या ऑपेरातलं 'ला दोन्ना ए मोबिले'. ऑपेरा म्हणजे काय हे ज्याला ठाऊक नाही त्यालाही ही चाल ठाऊक असते. जाहिरातींनी आणि रिंगटोननी ती पार झिजवून टाकली आहे. बाई म्हणजे वाऱ्यावरचं पीस, तिचा काय भरवसा, असा एकूण मजकूर. आणि म्हणणारा स्वतःच गावभर उंडारणारा. पण मला चकित केलं ते त्या थांब्याने. मला वाटलं, दिग्दर्शकाने विनोदासाठी ऑर्केस्ट्राला मधेच थांबवलं. घरी आल्यावर मुलीने लॅपटॉपवर जुन्या, राजवाडे-किल्ले छापाच्या प्रयोगाचं चित्रीकरण लावलं. तिथेही सुरावट तशीच सुरू होते, तशीच तुटते, पुन्हा सुरू होते. तो थांबा मूळ संगीतकाराने, व्हर्दीनेच लिहिला आहे, १८५१ साली. तेव्हा नाणं टाकून वाजणारं यंत्र कुठे होतं! सव्वाशे वर्षांहून जास्त काळ ती रिकामी जागा तिथे नुसती पडून होती. एका माणसाला त्यात यंत्राचा बिघाड ऐकू आला.

तो माणूस म्हणजे जोनाथन मिलर. शिक्षणाने डॉक्टर, ओढीने नाटकवाला. इंग्लिश नॅशनल ऑपेरासाठी त्याने १९८२ साली 'रिगोलेत्तो' बसवला आणि सोळाव्या शतकातल्या मांतुआ नगरीचा दरबार उचलून १९५० च्या दशकातल्या न्यूयॉर्कमध्ये, 'लिटल इटली' नावाच्या इटालियन वस्तीत नेऊन ठेवला. ड्यूक ही आता पदवी नाही, माफियाच्या टोळीतलं टोपणनाव आहे. दरबारी म्हणजे टोळीतली माणसं. आणि राजाचा विदूषक रिगोलेत्तो? तो बारमन. मालकाला आणि त्याच्या पाहुण्यांना दारू द्यायची, त्यांच्या थट्टेत सामील व्हायचं, ज्याच्याकडे मालक बोट दाखवेल त्याची टर उडवायची.

मिलरला ही कल्पना 'सम लाइक इट हॉट' या जुन्या विनोदी सिनेमावरून सुचली म्हणतात. त्यात पोलीस गुंडाला विचारतात, खून झाला तेव्हा तू कुठे होतास? तो शांतपणे म्हणतो, "मी रिगोलेत्तोला होतो." एका ओळीतून अख्खा प्रयोग उभा राहावा, यात मला फार गंमत वाटते. मोठमोठे सिद्धान्त लोक मागाहून चिकटवतात.

मला तिथे नेलं मुलीने. माझी तयारी नव्हती. ऑपेरा म्हणजे लठ्ठ माणसं मरता मरता पंधरा मिनिटं गातात, एवढंच माझं ज्ञान. "मग संगीत नाटकात काय वेगळं होतं?" ती म्हणाली. "आणि हे इंग्रजीत गातात बाबा, इथे सगळं इंग्रजीतच असतं. तुला कळेल." कळलं, पण वरची अक्षरं वाचूनच. उंच पट्टीत गेलं की इंग्रजीही इटालियनच होते.

तरी जाताना माझ्या मनात माझे वडील होते. वडील 'सौभद्र'चे भक्त. एकदा कुठल्याशा हौशी मंडळींनी 'सौभद्र' आजच्या कपड्यांत केलं. कृष्ण सफारी सूटमध्ये. वडील पहिल्या अंकातच उठले, चपला शोधल्या आणि पायी घरी आले. "उद्या रुक्मिणीला स्कूटरवर बसवतील," म्हणाले. मी तेव्हा त्यांच्या बाजूचा होतो. आता वाटतं, किर्लोस्करांनी १८८२ साली जी द्वारका दाखवली ती तरी कुठे द्वारका होती? थोरल्या भावाने बहिणीचं लग्न परस्पर ठरवून टाकलं आहे, तिला तो मुलगा नको आहे, धाकटा भाऊ वरवर होयबा करत आतून सूत्रं हलवतो आहे. हा तर एकोणिसाव्या शतकातला वाडा, फक्त मुकुट घातलेला. बलराम रागावतात ते अगदी आमच्या थोरल्या काकांसारखे. वडिलांना जो साज अस्सल वाटत होता तोही कुणीतरी केव्हातरी बदलूनच आणलेला होता.

आणि 'रिगोलेत्तो'ची गोष्ट तर याहून मजेशीर. मिलरने त्याला मांतुआतून हलवलं म्हणून नाकं मुरडणाऱ्यांना हे ठाऊक असावं की मांतुआ हे त्याचं मूळ गाव नव्हेच.

मूळ गोष्ट व्हिक्टर ह्यूगोच्या नाटकाची. त्यात राजा आहे तो फ्रान्सचा, पहिला फ्रान्स्वा, आणि विदूषकाचं नाव त्रिबुले. १८३२ च्या नोव्हेंबरात पॅरिसमध्ये नाटकाचा एक प्रयोग झाला आणि दुसऱ्या दिवशी बंदी आली. राजा रंगेल दाखवता म्हणजे काय! पुन्हा ते रंगमंचावर यायला पन्नास वर्षं लागली. मधल्या काळात व्हर्दीने ते उचललं. व्हेनिसच्या 'ला फेनीचे' नाट्यगृहासाठी त्याला नवा ऑपेरा द्यायचा होता. व्हेनिसवर तेव्हा ऑस्ट्रियाचं राज्य. नाव ठरलं होतं 'शाप'. ऑस्ट्रियाच्या परिनिरीक्षकांनी १८५० च्या डिसेंबरात संहिता फेटाळली. मग पिआव्हे या बिचाऱ्या गीतकाराने सगळं सोवळं करून दुसरा मसुदा आणला. त्यातून कुबड गेलं, प्रेताचं पोतं गेलं, ड्यूकची लफडी गेली. व्हर्दी भडकला. दिसायला वेडाविद्रा आणि आतून प्रेमाने भरलेला माणूस रंगमंचावर आणणं यातच मला सौंदर्य दिसतं, अशा अर्थाचं त्याने नाट्यगृहाच्या व्यवस्थापकाला लिहिलं. पोत्याचं पोलिसांना काय वावडं, असंही विचारलं.

शेवटी तडजोड झाली. कुबड राहिलं, पोतं राहिलं, शापही राहिला, फक्त शीर्षकातून गेला. आणि राजाचा झाला ड्यूक, पॅरिसचं झालं मांतुआ. मांतुआचं गोंझागा घराणं कधीच संपलेलं होतं. अब्रूनुकसानीचा दावा लावायला कुणी शिल्लक नव्हतं. म्हणजे ज्या मांतुआला आज आपण पावित्र्य देतो ते सोयीचं गाव होतं, पोलिसांशी घासाघीस करून मिळालेलं. एवढं करूनही इटलीतल्या इतर संस्थानांत हाच ऑपेरा 'व्हिस्कार्देल्लो', 'लिओनेल्लो' असल्या नावांनी आणखी सोवळ्यात खेळला गेला.

व्हर्दीच्या नशिबी हे पुन्हा आलं. स्वीडनचा राजा तिसरा गुस्ताव्ह याच्यावर १७९२ साली मुखवट्यांच्या नाचात गोळी झाडली गेली, त्यावरचा त्याचा ऑपेरा. राजाचा खून दाखवायचा नाही म्हणून राजाचा गव्हर्नर झाला आणि स्टॉकहोमचं बॉस्टन. १८५९ साली रोममध्ये तो तसाच झाला. आता दिग्दर्शक त्याला बऱ्याचदा परत स्वीडनला नेतात, आणि तेही 'मूळ बदललं' म्हणून कुणाला खटकतं!

आपल्याकडे खाडिलकरांनी हेच उलट्या बाजूने केलं. १९०७ चं 'कीचकवध'. कपडे महाभारताचे, पण कीचक कोण ते पहिल्या रांगेपासून पिटापर्यंत प्रत्येकाला कळत होतं. लॉर्ड कर्झन. १९१० साली सरकारलाही कळलं आणि बंदी आली. तेव्हा गोष्ट जुन्या काळात नेणं हा पळण्याचा मार्ग होता. मिलरवर असा कुठला पोलीस बसला नव्हता. त्याने गोष्ट जवळच्या काळात आणली ती कुणाच्या भीतीने? मला वाटतं, प्रेक्षकाच्या डुलकीच्या.

कारण खरं सांगायचं तर ड्यूकची मला भीती वाटत नाही. मखमली टोपी, पोकळ बाह्या, कमरेला तलवार. असल्या माणसाने कुणाची मुलगी पळवली तर वाईट वाटतं, पण ते कॅलेंडरवरच्या चित्राविषयी वाटावं तसं. विदूषकाचं तर विचारूच नका. घुंगरांची टोपी घातलेला माणूस मालकाची करमणूक करतो हे मला मेंदूने कळतं, पोटात कळत नाही. बारमन कळतो. खांद्यावर हात ठेवून 'काय म्हणतोस' विचारणारा आणि त्याच हाताने कुणालाही गायब करू शकणारा मालक कळतो. त्याने विनोद केला की त्याचं वाक्य पुरं व्हायच्या आत हसायला सुरुवात करावी लागते, हेही कळतं.

पहिल्याच प्रवेशात मोंतेरोने नावाचा म्हातारा येतो. ड्यूकने त्याच्या मुलीची अब्रू घेतली आहे. तो जाब विचारायला आला आहे आणि ड्यूकच्या आधी रिगोलेत्तो पुढे सरसावतो, म्हाताऱ्याची नक्कल करतो. मालकाने सांगितलेलं नाही. पण सांगण्याची वाट पाहील तो कसला विदूषक! म्हातारा दोघांना शाप देतो. पण ड्यूकला तो लागत नाही. लागतो रिगोलेत्तोला.

मी एका मोठ्या कार्यालयात एकतीस वर्षं काढली. सुरुवातीच्या दिवसांत आमचे एक साहेब होते. संध्याकाळी साडेपाचनंतर त्यांच्या केबिनमध्ये आम्हा चारपाच जणांची बैठक असायची. चहा, भजी आणि साहेबांचे किस्से. माझी तिथे वर्णी लागली ती नकलांमुळे. मला कुणाचाही आवाज हुबेहूब काढता यायचा. एकदा आवक-जावक विभागातले एक कारकून बदलीचा अर्ज घेऊन आले. बायको आजारी, गावी कुणी पाहणारं नाही. ते बोलताना अडखळायचे. 'स' वर आले की गाडी घसरायची. साहेबांनी अर्ज वाचता वाचता माझ्याकडे पाहिलं. नुसतं पाहिलं. आणि मी अडखळत म्हणालो, "स-स-स-साहेब..."

भजी खाणारे सगळे हसले. साहेबांनी टेबलावर थाप मारली. त्या गृहस्थांनी साहेबांकडे नाही, माझ्याकडे पाहिलं. शाप वगैरे काही दिला नाही. "बरं," म्हणाले, फाइल काखेत घेतली आणि गेले. बदली झाली की नाही ते मला आठवत नाही. मी विचारलं नव्हतं.

हे मी कुणाला सांगितलं नव्हतं. कोलिझियमच्या त्या उंच मजल्यावर, पांघरुणासारख्या जाड कोटात, मोंतेरोनेचा शाप ऐकताना मला 'बरं' ऐकू आलं.

या प्रवेशानंतरच रिगोलेत्तोला रस्त्यात एक मारेकरी भेटतो, स्पाराफुचिले. गरज पडली तर सांग, म्हणतो, दर ठरलेले आहेत. तो गेल्यावर रिगोलेत्तो एकटाच गातो: आपण दोघं सारखेच, त्याच्याकडे सुरा आणि माझ्याकडे जीभ. मांतुआच्या गल्लीत ही कविता वाटते. न्यूयॉर्कच्या चाळवजा इमारतींखाली, लोखंडी जिन्यांच्या सावलीत, ड्युटी संपवून घरी निघालेला बारमन हेच म्हणतो तेव्हा तो हिशेब वाटतो. १९८२ च्या मूळ संचाचं चित्रीकरण मी नंतर मुद्दाम मिळवून पाहिलं. त्यात जॉन रॉन्सली रिगोलेत्तो झाला आहे. त्या माणसाच्या चेहऱ्यावरचं धंद्याचं हसू बघावं. तोंड हसतं, डोळे मालकावर.

दुसऱ्या अंकातली एक जागा मात्र काळ कुठलाही घ्या, हलवून सोडते. रात्री टोळक्याने रिगोलेत्तोची मुलगी जिल्दा पळवली आहे. त्यांना ती त्याची ठेवलेली बाई वाटली होती. थट्टा म्हणून नेली. सकाळी तो मालकाच्या ठिकाणी येतो. आत ती आहे असा त्याला संशय आहे. पण तो कामावर आहे. म्हणून 'ला रा, ला रा' गुणगुणत येतो, काहीच झालं नाही असं. गुणगुणता गुणगुणता टेबलावरचा रुमाल उचलून पाहतो, तिचा तर नाही ना. मग पुन्हा 'ला रा'. व्हर्दीने इथे दुःखाला स्वतंत्र चाल दिलेली नाही. हसतमुख राहण्याच्या नोकरीला दिली आहे आणि दुःख तिच्या फटींतून गळतं. त्यानंतर तो फुटतो, दरबाऱ्यांना शिव्या देतो आणि लगेच त्यांच्याच पाया पडतो. ते गाणं प्रसिद्ध आहे. मला मात्र त्याआधीचं 'ला रा'च जास्त लागलं.

काळ बदलला की प्रत्येक वेळी असं जमतं, असंही नाही. न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन ऑपेराने २०१३ साली मायकेल मेयरकडून हाच ऑपेरा १९६० च्या लास व्हेगसमध्ये नेला. ते मी नंतर पडद्यावर पाहिलं. निऑनचे दिवे, जुगाराचा अड्डा, ड्यूक म्हणजे तिथला लोकप्रिय गायक, मोंतेरोने एक अरब शेख, आणि शेवटी जिल्दाचं प्रेत पोत्याऐवजी मोटारीच्या डिकीत. डोळे दिपतात. पण शेखाने शाप दिला तर त्या गावात तो मनाला कोण लावून घेईल? तिथे नशीब फिरवायला दुसरी यंत्रं असतात. लिटल इटलीत तसं नाही. तिथे देव्हाऱ्यात मेरी आहे, रविवारी चर्च आहे, बापाचा शब्द आहे. म्हाताऱ्याने शाप दिला तर पिस्तूल बाळगणाऱ्याच्याही पाठीतून कळ जाईल. मिलरने कपडे, दिवे सगळं बदललं. पण ज्या गावात शाप लागू शकतो असंच गाव शोधलं. सगळा प्रयोग याच एका निवडीवर तोललेला आहे. मेट्रोपॉलिटनने २०२१ च्या शेवटच्या रात्री व्हेगस बाजूला ठेवून पहिल्या महायुद्धानंतरच्या जर्मनीतला 'रिगोलेत्तो' आणला. उलट इंग्लिश नॅशनल ऑपेराने २०१४ साली मिलरच्या जागी व्हिक्टोरियन क्लबातला नवा प्रयोग करून पाहिला आणि तीन वर्षांत बारमनला परत कामावर बोलावलं. म्हणून तर मला तो दिसला.

मिलरच्या प्रयोगावरही रागावणारे होतेच. १९८४ साली तो अमेरिकेच्या दौऱ्यावर गेला तेव्हा इटालियन-अमेरिकन मंडळींच्या काही संघटनांनी तक्रार केली: इटालियन म्हटलं की माफियाच का? तक्रार खोटी म्हणवत नाही. मांतुआच्या ड्यूकबद्दल तक्रार करायला कुणी उरलं नव्हतं, इथे शेजारीपाजारी जिवंत होते. गोष्ट जवळ आणली की ती कुणाच्या तरी अंगणात येते.

शेवटचा अंक त्या बारमध्ये. एडवर्ड हॉपरचं रात्रीच्या उपाहारगृहाचं जे गाजलेलं चित्र आहे, रिकामा रस्ता, काचेमागे पिवळा उजेड आणि आपापल्यात बुडालेली माणसं, तेच जणू उभं केलेलं. आत ड्यूक स्पाराफुचिलेच्या बहिणीशी लगट करतो आहे. बाहेर अंधारात रिगोलेत्तो आणि जिल्दा काचेतून पाहत आहेत. चौघं एकाच वेळी गातात. एक गोड बोलतो, एक खिदळते, एक तुटते, एक सूड ठरवतो. आणि चारही ओळी स्वच्छ वेगळ्या ऐकू येतात. ह्यूगोला हा ऑपेरा आवडत नव्हता, त्याने पॅरिसमध्ये त्यावर दावाही लावला. पण नाटकात चार जणांना एकदम बोलू देता येत नाही, ते इथे जमलं याचा त्याला हेवा वाटला, असं सांगतात. त्यानंतर वादळ. वाऱ्याचा आवाज म्हणून व्हर्दीने पडद्यामागे पुरुषांना तोंड मिटून गुणगुणायला लावलं आहे. शब्द नाहीत, नुसता हुंकार. वरच्या मजल्यावर तो जमिनीतून आल्यासारखा वाटला. माझ्या शेजारच्या इंग्रज आजीबाईंनी शाल गळ्याशी ओढून घेतली.

ड्यूकला मारायची सुपारी रिगोलेत्तोने स्पाराफुचिलेला दिली आहे. जिल्दा ड्यूकऐवजी स्वतः मरायला आत जाते. मला तिचा राग आला. असल्या माणसासाठी? मध्यंतरात मी मुलीला म्हटलंच होतं, की ही पोर मूर्ख आहे. मुलगी आइस्क्रीम खात म्हणाली, "तिला चर्चशिवाय कुठे जाऊ दिलंय बापाने? स्वतःचं नावसुद्धा सांगितलेलं नाही मुलीला. पहिला जो भेटला तो तिला देव वाटणारच." मग चमचा चाटून म्हणाली, "तू मला गणपतीचे देखावे बघायला रात्री कधी सोडलं होतंस?"

"तेव्हाची गोष्ट वेगळी होती."

"हो ना," म्हणाली, "काळ वेगळा होता." आणि हसली.

मध्यरात्री रिगोलेत्तोला पोतं मिळतं. त्यात ड्यूकचं प्रेत आहे असं समजून तो त्यावर पाय ठेवून गातो. नोकराचा एवढाच एक विजय. तेवढ्यात लांबून तीच चाल येते, वाऱ्यावरच्या पिसाची. मालक जिवंत आहे, मजेत आहे, गातो आहे. मग पोत्यात कोण? चार आण्यांच्या गाण्याचा असा उपयोग केलेला मी आजवर पाहिलेला नाही. अंकाच्या सुरुवातीला ज्या चालीवर अख्खं थिएटर हसलं, तीच आता ऐकवत नव्हती.

बाहेर पडलो तेव्हा पावसाची भुरभुर होती. परतीच्या गाडीत आम्ही फारसं बोललो नाही. मुलगी माझ्या खांद्यावर डोकं टेकून झोपली, लहानपणी बसमध्ये झोपायची तशी. साहेबांची आणि 'स-स-स' ची गोष्ट तिला सांगावी असं दोनदा ओठांवर आलं. स्टेशनं जात राहिली.

सकाळी ती ऑफिसला निघायच्या गडबडीत होती. मी स्वयंपाकघरात चहाची भांडी विसळत होतो. ती दारात थांबली, एक पाय बुटात, एक बाहेर.

"बाबा, तू काय शीळ घालतोयस माहितेय?"

नव्हतं माहीत. तिने सांगितल्यावर मी नळ बंद केला.

"ड्यूकचं गाणं," ती म्हणाली, दुसरा बूट चढवला आणि गेली.